डोंगराआडची रेंज आणि नवा मोबाइल

पावसाळ्याच्या तोंडावर शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या बाजूच्या एका शाळेत विज्ञान शिक्षकांशी गप्पा मारायला आम्ही गेलो होतो. विषय ठरला होता प्रकाशाचे गुणधर्म. जेवणाच्या सुट्टीत मात्र व्हरांड्यात निराळाच विषय निघाला. एका गुरुजींच्या हातात सात हजारांना घेतलेला, वापरलेला पण दिसायला झकास असा मोबाइल होता. त्यावर ‘सेवा उपलब्ध नाही’ अशी अक्षरे दिसत होती. शेजारच्या बाईंचा मोबाइल अगदी साधा होता, तरी त्यावर रेंजच्या दोन काड्या स्थिर होत्या. दोघांकडे सिम एकाच कंपनीचे.

“सर, टॉवर एकच, कंपनी एकच, व्हरांडाही एकच. मग माझ्याच फोनला रेंज का नाही? कल्याणच्या दुकानात तर हा चांगला चालत होता,” गुरुजींनी विचारले.

आमचा पहिला अंदाज असा होता, की गुरुजींचे सिम जुने असावे. थ्री-जीच्या काळातील सिमवर फोर-जी मिळत नाही; ते बदलून घ्यावे लागते. अंदाज तपासायला साधा प्रयोग पुरेसा होता. आम्ही दोघांच्या सिमची अदलाबदल केली. गुरुजींचे सिम बाईंच्या फोनमध्ये घातले, तर दोन काड्या आल्या. बाईंचे सिम गुरुजींच्या फोनमध्ये घातले, तर पुन्हा ‘सेवा उपलब्ध नाही’. म्हणजे दोष सिमचा नव्हता, टॉवरचाही नव्हता. आमचा अंदाज चुकला होता आणि रेंज फोनबरोबर फिरत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होते ते पाहायचे, हे आपण वर्गात शिकवतो. त्या दिवशी ते व्हरांड्यात कामी आले.

असे का व्हावे? त्याचे उत्तर दुपारच्या ठरलेल्या विषयातच, म्हणजे लहरींच्या गुणधर्मांत होते.

लहर किती लांब?

मोबाइल आणि टॉवर एकमेकांशी बोलतात ते रेडिओलहरींनी. या लहरी प्रकाशाच्याच जातीच्या असतात, फक्त त्यांची वारंवारता पुष्कळ कमी असते. वारंवारता मेगाहर्ट्‌झमध्ये माहीत असेल तर तरंगलांबी काढणे सोपे आहे. ३०० ला वारंवारतेने भागले, की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. ७०० मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटर लांब, ९०० ची ३३, २१०० ची १४, तर फाइव्ह-जीसाठी शहरांत वापरल्या जाणाऱ्या ३५०० मेगाहर्ट्‌झची अवघी साडेआठ सेंटिमीटर. पहिली हातभर, शेवटची चार बोटांएवढी.

या लांबीला महत्त्व कशासाठी? शाळेच्या इमारतीच्या कोपऱ्यापलीकडे उभे राहून कोणी हाक मारली, तर ती आपल्याला ऐकू येते. पण हाक मारणारा दिसत नाही. आवाजाची लहर साधारण मीटरभर लांब असते, म्हणून ती कोपऱ्याला वळसा घालून येते. प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असल्याने तिचे वळणे आपल्या लक्षातही येत नाही. या वळण्यालाच विवर्तन म्हणतात. लहर जितकी लांब, तितके विवर्तन अधिक.

डोंगराच्या सावलीत

आता शहापूर-मुरबाडचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. शहापुरातून मुंबई-नाशिक महामार्ग आणि आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा हा लोहमार्ग जातो. मुरबाडातून कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता जातो. रस्त्याकाठी वर्दळ असते, वीज असते, ग्राहक असतात. साहजिकच टॉवर तिथे सोयीचे पडतात. पण वस्ती काही रस्त्याकाठीच नसते. माहुलीच्या डोंगराभोवतीची गावे, भातसा आणि तानसा धरणांच्या अंगाचे पाडे, टोकावड्याच्या पुढे सह्याद्रीच्या भिंतीखाली वसलेल्या ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी वस्त्या यांच्यात आणि टॉवरमध्ये बहुधा एखादी डोंगराची सोंड आडवी येते. अशी वस्ती टॉवरच्या सावलीत असते.

या सावलीत कोणती लहर किती पोचेल, याचा हिशोब करता येतो. ७०० आणि २१०० मेगाहर्ट्‌झ या दोन लहरींची तुलना करू. दुसरीची वारंवारता पहिलीच्या तिप्पट आहे.

पहिला परिणाम अँटेनाचा. लहर लहान असली, की तिच्यासाठीची अँटेनाही लहान असते आणि तिचे लहर झेलण्याचे क्षेत्र तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. तरंगलांबी एक तृतीयांश झाली, तर झेललेली शक्ती एक नवमांश होते. लहान तोंडाच्या भांड्यात पावसाचे पाणी कमी साठावे, तसे हे आहे. दुसरा परिणाम विवर्तनाचा. डोंगराची एकच धारदार सोंड मध्ये आहे आणि आपण तिच्या खोल सावलीत आहोत असे धरले, तर सावलीत वळून येणारी शक्ती तरंगलांबीच्या प्रमाणात असते. म्हणजे इथे आणखी एक तृतीयांश. दोन्हींचा गुणाकार केला तर नऊ गुणिले तीन, म्हणजे सत्तावीस. तेवढ्याच शक्तीने सोडलेली ७०० मेगाहर्ट्‌झची लहर डोंगराआडच्या फोनमध्ये २१०० च्या लहरीपेक्षा सत्तावीस पट शक्ती पोचवते.

प्रत्यक्षात टॉवरच्या अँटेनाची रचना, तिची दिशा आणि शक्ती यांमुळे हा आकडा कमीअधिक होईल. पण कल कोणत्या बाजूला आहे ते स्पष्ट आहे. त्यात पावसाळ्यातील ओली गर्द झाडी आणि भिंती याही लहान लहरींना जास्त अडवतात.

मग सर्वच कंपन्या ७०० वर का जात नाहीत? कारण कमी वारंवारतेच्या भागात जागाच थोडी असते. तिथला पट्टा अरुंद, म्हणून त्यावरून एका वेळी जाणारी माहितीही कमी. वरच्या भागात पट्टे रुंद असतात. अरुंद पायवाट डोंगरापलीकडे जाते, रुंद रस्ता डोंगराशी थांबतो, असा हा प्रकार आहे. शहराला रस्ता लागतो, पाड्याला पायवाट.

काड्या आहेत, पण फोन लागत नाही

आणखी एक तक्रार आपण नेहमी ऐकतो. काड्या दिसतात, पण फोन लागत नाही. फोनवरील काड्या टॉवरचा आवाज आपल्याला किती ऐकू येतो एवढेच सांगतात. आपला आवाज टॉवरला ऐकू जातो की नाही, हे त्या सांगत नाहीत. टॉवरचा प्रक्षेपक साधारण वीस ते चाळीस वॅटचा असतो, तर फोर-जी फोन जास्तीत जास्त एक पंचमांश वॅटने बोलतो. ध्वनिक्षेपकावरून केलेली घोषणा गावभर ऐकू यावी, पण गावाच्या टोकाहून आपण दिलेले उत्तर घोषणा करणाऱ्यापर्यंत पोचू नये, तसे हे होते.

जुन्या बटणांच्या टू-जी फोनला रेंज चांगली असते, असे गावाकडे म्हणतात. त्यात तथ्य आहे. ९०० मेगाहर्ट्‌झवरचे ते फोन थोड्या थोड्या वेळाच्या स्पंदांत का होईना, दोन वॅटपर्यंत शक्ती लावू शकत. आता कमकुवत रेंजमध्ये फोन आपली सगळी ताकद लावून ओरडत राहतो, म्हणून अशा गावात बॅटरीही लवकर उतरते. तेव्हा दुर्गम भागासाठी फोन घेताना बॅटरीची क्षमता ही चैनीची बाब मानू नये.

फोनच्या आतली गाळणी

कोणता फोन कोणत्या पट्ट्यावर बोलू शकतो, हे त्याच्या घडणीतच ठरते. पूर्वी काही रेडिओसंचांवर फक्त मध्यमलहरी लागत. त्यांवर एफएमचे केंद्र कितीही खुंटी पिरगाळली तरी लागत नसे. मोबाइलचेही तसेच आहे. प्रत्येक पट्ट्यासाठी फोनमध्ये वेगळी गाळणी लागते. लिथियम टॅन्टॅलेटसारख्या दाबविद्युत स्फटिकाची ही चिमुकली चकती हवी ती वारंवारता आत घेते, बाकीच्या अडवते. प्रत्येक गाळणीला पैसे पडतात आणि जागा लागते. म्हणून स्वस्त फोन बनवताना ज्या पट्ट्याचा उपयोग त्या काळी दिसत नाही, तो पट्टा उत्पादक सोडून देतात. गाळणीच नसेल, तर नंतर सॉफ्टवेअर बदलून तो पट्टा मिळत नाही.

या पट्ट्यांना क्रमांक दिलेले आहेत. ७०० मेगाहर्ट्‌झच्या आशिया-प्रशांत मांडणीच्या पट्ट्याचा क्रमांक २८. त्यात फोन ७०३ ते ७४८ मेगाहर्ट्‌झवर बोलतो आणि टॉवर ७५८ ते ८०३ वर. २०१७ ते २०२० च्या सुमारास आपल्याकडे आलेल्या कितीतरी स्वस्त फोनमध्ये १, ३, ५, ८, ४०, ४१ एवढेच पट्टे होते, २८ नव्हता. त्या वेळी भारतात त्याचा फारसा उपयोगही नव्हता. गुरुजींचा फोन त्यांपैकीच होता. बाईंच्या फोनमध्ये चाचणीचा पडदा उघडून पाहिला, तर ‘बँड २८’ असे स्वच्छ दिसले.

आणि कल्याणच्या दुकानात तो का चालला? शहरात त्याच कंपनीचा २१०० चा पट्टाही मिळतो. तो फोनला येत होता, म्हणून फोन चालला. दुकानदार खोटे बोलला नव्हता. चाचणीच चुकीच्या जागी झाली होती.

कोणाचे पट्टे कोणते?

आपल्याकडील कंपन्यांचे फोर-जीचे मुख्य पट्टे पुढीलप्रमाणे आहेत. आकडा मेगाहर्ट्‌झचा, कंसात पट्ट्याचा क्रमांक.

बीएसएनएल: ७०० (२८), २१०० (१)
जिओ: ८५० (५), १८०० (३), २३०० (४०)
एअरटेल: ९०० (८), १८०० (३), २१०० (१), २३०० (४०)
व्ही: ९०० (८), १८०० (३), २१०० (१), २५०० (४१)

प्रत्येकाचा पहिला पट्टा हा लांब लहरीचा, म्हणजे डोंगराळ भागात भरवशाचा. एअरटेल, व्ही आणि जिओ यांचे हे पट्टे जवळपास सर्व फोनमध्ये असतात. काळजी घ्यावी लागते ती बीएसएनएलची. या कंपनीचे स्वदेशी तंत्राचे फोर-जी जाळे २७ सप्टेंबर २०२५ रोजी देशाला अर्पण झाले. त्याचा गाभा सी-डॉटने, रेडिओ-यंत्रणा तेजस कंपनीने आणि जुळणी टीसीएसने केली आहे. त्याआधी जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने फोर-जी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली होती आणि तिचे कामही बीएसएनएलकडेच आहे. म्हणजे जिथे आजवर कोणीच पोचले नाही, अशा वस्तीजवळ उभा राहणारा नवा टॉवर बीएसएनएलचा असण्याची शक्यता मोठी. तेव्हा या कंपनीसाठी दुर्गम भागात फोन घेणाऱ्याने पट्टा २८ आहे ना, हे पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

नुसते ‘७००’ लिहिलेले पाहूनही भागत नाही. अमेरिकेत ७०० च्या भागाची वाटणी निराळी आहे; तिथल्या पट्ट्यांचे क्रमांक १२, १३, १७ असे आहेत. परदेशातून नातेवाइकाने आणलेल्या फोनवर हे क्रमांक असतील आणि २८ नसेल, तर तो आपल्या उपयोगाचा नाही. एकाच नावाच्या फोनचे वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळे नमुने असतात, म्हणून नावावर न जाता पाठीवरचा किंवा खोक्यावरचा नमुना-क्रमांक पाहावा.

दुसरी काळजी बोलण्याची. जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली, ती केवळ फोर-जीवर. तेव्हा फोर-जी असूनही बोलता येत नाही, असा अनुभव अनेकांना आला. फोर-जीवर बोलणेसुद्धा माहितीच्या पुड्या करून पाठवावे लागते. या सोयीला व्होल्टे म्हणतात आणि ती फोनमध्ये त्या त्या कंपनीसाठी चालू केलेली असावी लागते. पट्टा आहे, इंटरनेट चालते, पण व्होल्टे नाही, असा फोन बोलण्यासाठी टू-जी शोधतो. जवळ टू-जी नसेल, तर मुका होतो.

फाइव्ह-जीबद्दल थोडक्यात. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा मुख्य पट्टा ३५०० मेगाहर्ट्‌झचा असल्याने तिचा वेग टॉवरच्या जवळच मिळतो. जिओकडे फाइव्ह-जीसाठी ७०० चा पट्टाही आहे. खोक्यावर तो रोमन ‘एन’ अक्षर लावून एन-२८ असा लिहितात. साधा २८ फोर-जीचा आणि एन-२८ फाइव्ह-जीचा. एक असला म्हणजे दुसरा असतोच असे नाही.

खरेदीला निघण्यापूर्वी

पहिले काम फोनचे नाही, गावाचे. आपल्या घरात, शाळेत आणि येण्याजाण्याच्या वाटेवर कोणत्या कंपनीचा कोणता पट्टा किती जोराने येतो, ते मोजावे. शेजाऱ्यांचे, सहकाऱ्यांचे फोन घेऊन हे पाऊण तासात होते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘फोनविषयी’ या भागात सिमची स्थिती उघडली, की रेंज उणे आकड्यात दिसते. काही फोनवर *#*#४६३६#*#* किंवा *#००११# असा क्रमांक दाबल्यास जास्त तपशील मिळतो. तिथे वाहिनी-क्रमांक ९२१० ते ९६५९ च्या दरम्यान असेल, तर तो पट्टा २८. शून्य ते ५९९ असेल, तर पट्टा १.

उणे आकडा डेसिबल-मिलिवॅटचा असतो. उणे ८० म्हणजे उत्तम, उणे १०० म्हणजे चालण्याजोगे, उणे १२० म्हणजे जवळजवळ काहीच नाही. दहाने आकडा घसरला, की शक्ती एक दशांश होते. उणे १०० म्हणजे एका वॅटचा दहा लाख कोटीवा हिस्सा. एवढ्याशा शक्तीवर आपला फोन बोलतो, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

याशिवाय दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर टॉवर कोठे आहेत ते पाहता येते आणि ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या सेवेचे नकाशेही प्रसिद्ध करावे लागतात. मात्र नकाशापेक्षा आपले मोजमाप खरे.

मोजमाप झाले, की कंपनी ठरवावी. मग त्या कंपनीचा आपल्या गावात येणारा पट्टा आणि व्होल्टे ज्यात आहे असा फोन शोधावा. चांगला फोन हाताशी असेल आणि कंपनीच अडचणीची असेल, तर उलटही करता येते. २०११ पासून आपला क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय आहे. वापरलेला फोन घेताना *#०६# दाबून त्याचा पंधरा अंकी क्रमांक पाहावा आणि रोमन लिपीत ‘केवायएम’ लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर लघुसंदेशाने पाठवावा. फोनची नोंद कळते. आणि शक्य असेल तर, पैसे चुकते करण्यापूर्वी फोन एक दिवस गावी नेऊन पाहण्याची मुभा दुकानदाराकडे मागावी. कॅमेऱ्याचे आकडे त्यानंतर पाहावेत.

वर्गात करण्याजोगे

मुलांचे चार गट करा. एकच फोन घेऊन शाळेचे मैदान, वर्गाचा मध्य, खिडकी, पत्र्याच्या छपराखालची खोली, टेपाचा माथा आणि टेपाची मागची बाजू अशा सहा जागी प्रत्येकी तीन वेळा आकडा टिपा व सरासरी काढा. फोन दर वेळी तितक्याच उंचीवर, त्याच दिशेला धरायचा. नंतर फोन झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून त्यावर दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. बहुतेक वेळा ती वाजणार नाही; वाजलीच तर झाकणाच्या फटीकडे लक्ष वेधा. सर्व आकडे गावाच्या हाताने काढलेल्या नकाशावर मांडा. हाच नकाशा भर पावसाळ्यात आणि पुन्हा उन्हाळ्यात केला, तर झाडीचा परिणामही दिसेल.

असा नकाशा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावण्याच्या योग्यतेचा असतो. पाड्यावर शिक्षकाचा किंवा आशाताईंचा फोन हा सर्वांचाच फोन असतो. रात्री कोणाला साप चावला, कोणा बाईला कळा सुरू झाल्या, तर १०८ ला त्याच फोनवरून हाक जाते. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी ११२ हा आणीबाणीचा क्रमांक जवळच्या कोणत्याही कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. १०८ च्या बाबतीत हे गृहीत धरू नये. अशा वेळी कोठे उभे राहिले असता फोन लागतो, हे गावातल्या प्रत्येकाला आधीच माहीत असले पाहिजे.

गुरुजींनी पुढे तो फोन कल्याणला शिकणाऱ्या पुतण्याला दिला. तिथे तो व्यवस्थित चालतो. स्वतःसाठी त्यांनी खोक्यावरचे क्रमांक वाचून दुसरा घेतला. टेपावर चढून हजेरी पाठवणे आता थांबले आहे. त्यांच्या सातवीच्या वर्गाने केलेला नकाशा आम्ही पाहिला. त्यात शाळेतील सर्वांत चांगली जागा स्वयंपाकाच्या खोलीची खिडकी निघाली. असे का, याचे उत्तर मुले अजून शोधत आहेत. आपल्या शाळेचा नकाशा काय सांगतो, ते आम्हाला अवश्य कळवावे.